शेषरावच्या होडीला रिव्हर्स गिअर

दिपा राठोडला कुणी ‘सावकाश’ म्हटलं की राग यायचा. सावकाश जेव, सावकाश बोल, पोरीच्या जातीनं सावकाश चालावं. तांड्यावरच्या झाडून साऱ्या बायांनी तिला हे सांगून पाहिलं आणि तिने एकीचंही ऐकलं नाही. तिच्या बापाचं, बाबूसिंगचं, सेनगावच्या रस्त्याला जीप दुरुस्तीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रे आणि खाली तेलाने काळी झालेली जमीन. बाकीच्या पोरी सागरगोटे खेळत तेव्हा ही बेअरिंगच्या गोळ्या खेळायची. दहावीला गणितात चांगले मार्क पडले तसं बाबूसिंगने तिला नांदेडला तंत्रनिकेतनात घातलं.

तांड्यावर लोक म्हणाले, “पोरीला इंजिनेर करून काय जीपखाली घालतो काय, बाबूसिंग?”

“जीपखाली तर ती आताबी हाये,” बाबूसिंग म्हणाला. “वर काढाया धाडून राहिलो.”

मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन ती आली. मुलाखतींना गेली. समोरचे साहेब गिअरबद्दल एक प्रश्न विचारत आणि लग्नाबद्दल चार. ती वैतागली आणि जाणंच सोडून पुन्हा जीपखाली शिरली. यात कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं, कारण तिला स्वतःला अजिबात वाईट वाटत नव्हतं. तिथे तिला रोज काहीतरी उघडायला मिळत होतं.

गाडी चालवायलाही ती बापाकडूनच शिकली, हिंगोलीच्या रस्त्यावर, सेनगावच्या जीपवाल्यांच्या रीतीने. रीत अशी की उतार दिसला रे दिसला की गिअर काढायचा, गाडी न्यूट्रलला सोडायची आणि डिझेल वाचवायचं. स्टँड जवळ आलं की लांबूनच अंदाज घेऊन सोडून द्यायची, ती बरोबर झाडाखाली जाऊन उभी राहते. राहिली नाही तर ब्रेक आहेच. सगळेच असं चालवत, म्हणून ते चूक आहे असं कुणाला कधी वाटलं नाही. दिपाचा अंदाज तर बापाहून पक्का होता आणि तिला त्याचा गर्वही होता.

परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षीची ही गोष्ट.

बाबूसिंगची स्वतःची एक जीप होती. ती सिद्धेश्वर धरणावरून माशांच्या पाट्या हिंगोलीच्या बाजारात पोचवायची. बहुतेक वेळा दिपाच चालवायची. तिथेच शेषराव आणि सखुबाई या नवराबायकोशी तिची ओळख झाली. शेषराव धरणातला जुना मासेमार. पाण्याच्या रंगावरून जाळं कुठे टाकायचं ते सांगणारा माणूस. पण एकदा चिखलात घसरला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हाड बसवणाऱ्याने तो बसवला, पण वाकडा बसवला. छातीखाली हात चालायचा, जाळं ओढता यायचं. वल्हं मारायचं म्हटलं की मात्र डोळ्यांत पाणी. मग सखुबाईने वल्हं घेतलं. बाई जिद्दीची, पण अंगाने एवढीशी. भर धरणात वारा सुटला, होडी पलीकडच्या काठाला जाऊन लागली आणि दोघं पाट्या डोक्यावर घेऊन धरणाला वळसा घालत चालत घरी आली. तेव्हापासून होडी काठावर पालथी पडली होती.

मासेमारांच्या सोसायटीचा एक नियम होता. दोन हंगाम ज्याच्या होडीने मासा आणला नाही त्याचा परवाना दुसऱ्याला जायचा. शेषरावचा एक हंगाम कोरडा गेला होता आणि दुसराही सरत आला होता. पाऊस सुरू झाला की मासेमारी बंद. तोवर एकदा तरी होडी पाण्यात जाऊन सोसायटीच्या काट्यावर मासा पडायला हवा. नाहीतर पुण्याला जावयाच्या ओळखीने वॉचमनची नोकरी ठरल्यात जमा होती. शेषरावने ती टोपी घालून बघितली होती म्हणे. सखुबाई म्हणाली, “बुजगावण्यावानी दिसून राहिले.” आणि मग दोघंही हसली नाहीत.

धरणावर कुणीतरी रॉकेलवर चालणारं पाण्याच्या पंपाचं छोटं इंजिन होडीत बसवून, त्याला थेट दांडा आणि पंखा लावून पाहिला होता. दोरी ओढली की होडी सुसाट. पण थांबायचं तर इंजिन बंद करायचं आणि पुन्हा निघायचं तर पुन्हा दोरी ओढायची. जाळं काढताना तर दर घटकेला थांबावं लागतं, जरा पुढे, जरा मागे सरकावं लागतं. शेषरावच्या खांद्याला ती दोरी एकदाही ओढवली नसती.

“म्हंजे मामी एकदा दोरी ओढणार,” दिपा म्हणाली, “आन् मग इंजिन चालूच राह्यलं पायजे. होडी मात्र म्हटलं तर पुढं, म्हटलं तर माघं, म्हटलं तर जागच्या जागी. असंच ना, मामा?”

“असंच,” शेषराव म्हणाला. “पर असं कुठं असते काय?”

“जीपमधी असते!” बाबूसिंग उसळून म्हणाला. “तुमी काहून फिकीर करता? अख्खा गिअरबॉक्स टाकतो. चार पुढं, एक माघं. धरण काय, समुद्रात जा!”

बाबूसिंगला नाही म्हणणं कठीण. पुढच्या खेपेला त्याने भंगारातला जीपचा गिअरबॉक्स आणला. चार गडी लावून तो होडीत ठेवला. होडीचं शेपूट पाण्यात गेलं आणि नाक बेडकासारखं वर आलं. सखुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

“आन् मासे कुठं ठिवायचे, बाबूसिंग दादा? का गिअरच विकायचे बाजारात?”

येताना जीपमध्ये लेक वाटभर बोलत होती. “बा, पाण्यात चार गिअर कशाला? तिथं काय घाट हाये चढाया? एक पुढं, एक माघं, आन् मधी कायबी न्हाई. एवढंच पायजे. पर एवढंसं पायजे.” तिने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून माप दाखवलं आणि बाबूसिंग ओरडला.

ते एवढंसं तिच्या हाताला लागलं, तेही दुसरंच काम करताना. पुसेगावच्या एका जीपचं मागचं डिफरन्शियल तिने उघडलं होतं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो फुगीर लोखंडी गोळा असतो, तो. त्याच्या पोटात दोन मोठी दातेरी चाकं समोरासमोर तोंड करून बसलेली असतात आणि त्यांच्या मधे लहान चक्र्या. हे तिने शंभरदा पाहिलं होतं. परीक्षेत त्याची आकृतीही काढली होती. त्या दिवशी रॉकेलमध्ये धुताना तिने सहज एक लहान चक्री बोटाने फिरवली. वरचं मोठं चाक एका बाजूला फिरलं आणि खालचं उलट्या बाजूला.

तिने पुन्हा फिरवली. पुन्हा तसंच.

दिपा तशीच उठून पळाली. बाबूसिंग जेवायला बसला होता. हिने त्याच्या ताटातली भाकरी सरकवली आणि तेलकट चाकं तिथे मांडली. तिची आई रुख्मिणीबाई “अगं अगं अगं” म्हणत राहिली.

“बा, बघ! ही बारकी चक्री म्हंजे इंजिन. फिरव. फिरव ना! हे चाक चाललं पुढं आन् हे माघं. दोन्हीबी कायम फिरून राहिलेत. आता ह्यांच्या मधून पंख्याचा दांडा घालायचा, पर दोघांनाबी दांड्यावर मोकळं ठिवायचं. आन् दांड्यावर मधोमध एक दातेरी बांगडी, सरकणारी पर दांड्यासंगं फिरणारी. बांगडी हिकडं सरकली की ह्या चाकात अडकली, होडी पुढं. तिकडं सरकली की होडी माघं. मधी राह्यली की इंजिन फिरतं, पंखा उभा!”

बाबूसिंगने घास खाली ठेवला. स्वतः चक्री फिरवली. मग उलटी फिरवली. मग भाजीने भरलेल्या बोटाने मधे बांगडी कुठे बसेल ते दाखवू लागला.

“आन् बारक्या चक्रीला दात कमी,” तो म्हणाला, “मोठ्याला जास्त.”

“व्हय! म्हंजे इंजिनाची पळापळ कमी होती आन् पंख्याला जोर येतो. न्हाईतर पंखा नुसता फेस काढतो. आयतंच हाये, बा! सगळं आयतं हाये!”

“मी वाढलेलं ताटबी आयतंच व्हतं,” रुख्मिणीबाई म्हणाली. पण ऐकायला होतं कोण.

आयतं आहे असं वाटतं तेव्हा निम्मं काम बाकी असतं. चाकं दांड्यावर मोकळी फिरायची तर आतून पितळी बुश, म्हणजे गुळगुळीत नळकांडी, हवीत, बांगडी नवीन कातायला हवी आणि हे सारं बसवायला जाड पाइपाचा तुकडा. त्यासाठी दिपा हिंगोलीला संतरामच्या लेथवर गेली. संतराम चांगला कारागीर आणि भयंकर चौकस. डिफरन्शियलची चाकं होडीत जाणार म्हटल्यावर त्याने हसण्यासाठी लेथ बंद केला. हसून झाल्यावर त्याने विचारलं, “पण तेल गळेल ना बाहेर? आणि पाणी आत येईल?”

“पंपाच्या दांड्याभोवती जशी ग्लँड असते, फटीत ग्रीसची दोरी ठासून भरतो, तशी भरायची. आपल्या विहिरीवरचा पंप पाणी आत घेतो का?”

संतरामचं हसू गेलं आणि तो कामाला लागला. मग तर त्याला इतका चेव आला की गिऱ्हाइकांचे दांडे कोपऱ्यात पडून राहिले.

डबा तयार झाला तो लहान कळशीएवढा. एका हाताने उचलता येईल असा. इंजिन होडीत आडवं बसणार एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला, मधे डबा, त्यावर बांगडी सरकवायची दांडी आणि तिथून सरळ पाठीमागे पंख्याचा दांडा. बाबूसिंगही आला आणि संतरामच्या दुकानातच इंजिन लावून पाहिलं. पुढे चाललं, मागे चाललं. दांड्याला लाकूड दाबून ओझं दिलं आणि खट्‌! बांगडी दातांतून निसटून मधे आली. पुन्हा खट्‌.

“स्प्रिंग टाका जाड,” संतराम म्हणाला.

“दांडी दाबून धरायची,” बाबूसिंग म्हणाला. “माझ्या जीपचा थर्ड गिअर मी कायम गुडघ्यानंच धरून राहिलो.”

“म्हणूनच तुझा गुडघा गेला, बा.”

दिपा निसटलेले दात बोटाने चाचपत होती. दात सरळ होते. सरळ दातावर जोर आला की तो घसरून बाहेर पडतो. तोच दात टोकाला रुंद आणि बुडाशी किंचित अरुंद घासला तर? मग जोर आला की तो बाहेर न जाता आतच ओढला जाईल, आकडा अडकतो तसा. तिने स्वतः ग्राइंडरवर एकेक दात घासला. मान अवघडली, डोळ्यात कण गेला, चहा निवला. बसवून पुन्हा इंजिन लावलं. संतरामने लाकूड दाबलं, आणखी दाबलं, दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून दाबलं. इंजिन घुसमटून बंद पडलं, पण बांगडी सुटली नाही.

“आयला!” संतराम म्हणाला आणि लगेच बाईमाणूस समोर आहे हे आठवून जीभ चावली.

“आयलाच!” दिपा म्हणाली.

धरणावर जत्रा भरल्यासारखे लोक जमले. गिअर ठाऊक कुणाला, तर दिपाला. म्हणून होडी तीच चालवणार होती. पोहता येत नव्हतं, म्हणून तिने जीपच्या चाकाची ट्यूब कमरेला घातली. बाबूसिंग काही होडीत बसेना. “आपल्या लोकांनी बैलाचं शेपूट धरून नद्या पार केल्या,” तो म्हणाला. “फळीवर बसल्याचं कुणाचं ऐकलं न्हाई.” सखुबाईने दोरी ओढली, इंजिन फडफडलं आणि ती पुढे जाऊन बसली. शेषराव काठावरच थांबला. एवढ्या लोकांसमोर आपल्याच होडीत नुसतं पाहुणा म्हणून बसायचं त्याला जड गेलं असावं.

दिपाने दांडी पुढे ढकलली आणि होडी निघाली!

काय निघाली! वारा समोरून, लाटा समोरून, आणि होडी त्यांच्यावर थापा मारत चालली. सखुबाईचा पदर डोक्यावरून उडून खांद्यावर आला, तिला भान नव्हतं. “आगं चालली! आगं माय, वल्ह्याबिगर चालली!” ती ओरडत होती. दिपा तर किंचाळतच होती. भर पाण्यात तिने मागचं सुकाणू ओढून होडी वळवली, वारा आता पाठीशी आला आणि काठ भराभर जवळ येऊ लागला. बाबूसिंग दोन्ही हात हलवताना दिसला. दिपाने लांबूनच अंदाज घेतला आणि स्टँड आल्यासारखी दांडी मधे आणली. न्यूट्रल.

होडी थांबेना. पाठीमागून वारा ढकलत होता. धरणाच्या भिंतीचे दगड समोर मोठे मोठे होत गेले. दिपा उजवा पाय फळीवर दाणदाण आपटू लागली.

“काय नाचून राहिली गं?” सखुबाई ओरडली.

“ब्रेक! ब्रेक दाबून राहिले!”

“पाण्याला ब्रेक असते व्हय, भवाने!”

कडाड आवाज झाला. फळी फुटली, पंख्याचं पातं वाकलं, सखुबाई पाटीत पडली आणि दिपा ट्यूबसकट गुडघाभर पाण्यात बसली.

मग सखुबाईने जे तोंड सोडलं ते सगळं इथे लिहिता येणार नाही. “एक होडी व्हती! एकच! नवऱ्याचा खांदा गेला, आता होडीबी गेली! इंजिनेर म्हणे! इतका घाट घालून रिव्हर्स टाकलं न्हाई हिनं. मंग काय शोभेला बसवलं व्हतं ते?”

दिपा पाण्यातून उठली. रिव्हर्स तिच्या हाताखालीच होता. तिला तो आठवलाच नव्हता. ज्या गोष्टीसाठी महिने घातले, ती ऐन वेळी हाताला सुचली नाही. हंगामाचे दिवस उरले होते थोडे आणि होडी फुटून पडली होती. ती चांगली हुशार पोर, पण आता एखाद्या नापास लेकरासारखी ओली उभी होती.

शेषराव मात्र फुटक्या फळीकडे बघत नव्हता. दिपा जिथे पाय आपटत होती त्या जागेकडे बघत होता.

“पोरी,” तो म्हणाला, “घाबरली तवा तुझा हात न्हाई हालला. पाय हालला.”

“सवय हाये मामा. जीपची.”

“असू दे. माझं आयकून घे. जाळं काढताना माझे दोन्ही हात जाळ्यात असतेत. तुझी दांडी कोण धरील? मी आधीपासून हाच इचार करून राहिलो, पर बोललो न्हाई, म्हटलं शिकेल्या मानसाचं काम हाये. पाय तर माझे रिकामेच असतेत. आन् पायाला काय बी झालेलं न्हाई.”

दिपाने ट्यूब कमरेतून काढून फेकली. “मामा! आधी काहून नाही सांगितलं?”

“तू आयकून घेती व्हय कुणाचं? कवा बघावं तवा पळतच अस्ती.”

हे खरं होतं. दिपा ओल्या कपड्यांतच खाली बसली आणि शेषरावला जाळं काढायची नुसती नक्कल करायला लावली. कुठे बसता, पाय कसे ठेवता, जोर लावताना टाच उचलते की चवडा. तो एकेक दाखवत गेला. सखुबाई मधे मधे त्याच्या चुका काढत होती, म्हणजे तिचा राग उतरला होता.

घरी जाऊन दिपाने रुख्मिणीबाईच्या शिलाई मशीनचा पायटा मागितला नाही, सरळ काढला. तोच खाली-वर झुलणारा लोखंडी पायटा होडीच्या तळाशी बसला. चवडा दाबला की पुढे, टाच दाबली की मागे, पाय सपाट ठेवला की उभी. त्यालाच एक तार लावून तिने अशी सोय केली की पाय मधे आला की इंजिन आपोआप मंद व्हावं, म्हणजे बांगडीचे दात एकमेकांवर आदळू नयेत. इकडे बाबूसिंगने वाकलेलं पातं ठोकून सरळ केलं आणि शेषरावने फळी बसवून डांबर भरलं. आभाळ रोज भरून येत होतं आणि सोसायटीचे लोक रोज विचारत होते, “काय शेषराव, पुण्याला कधी?”

होडी पाण्यात घालायचा दिवस उजाडला तेव्हा दिपा होडीत बसली नाही. आपण चालवली तर निदान हात-पाय हलवता येतात. काठावर उभं राहून करायचं काय?

सखुबाईने दोरी ओढली. शेषराव बसला, पाट्या जवळ ओढल्या आणि चवडा दाबला. धरणाच्या मधोमध त्यांनी आदल्या संध्याकाळी दुसऱ्याच्या होडीतून टाकलेल्या जाळ्याचे फुगे होते. तिथे होडी पोचली, थांबली. वारा तिला जाळ्यावर ढकलू लागला. ढकललं तर जाळं पंख्यात जाणार आणि सगळं संपणार. काठावरून एवढंच दिसलं की शेषराव पुढे वाकून दोन्ही हातांनी, छातीखालून, जाळं ओढतो आहे आणि होडी, कुणी हात लावत नसताना, हळूच माघार घेते आहे. पुन्हा वारा. पुन्हा माघार. जाळं ताणलेलं, सरळ, एकदाही पंख्याकडे गेलं नाही.

“टाच!” दिपा बापाचा दंड हलवत ओरडली. “बा, टाच बघ! टाच!”

“मला इथून टाच कशी दिसंल?” बाबूसिंग म्हणाला, पण तोही ओरडूनच म्हणाला.

पाट्या भरून आल्या. रोहू होते, कटला होते. सोसायटीच्या काट्यावर मासा पडला आणि शेषरावचं नाव पुकारलं गेलं. परवाना राहिला. सखुबाई वजनावरून काटेवाल्याशी भांडत होती, तेवढ्यात तिच्या कानावर इंजिनाचा आवाज आला. इंजिन बंद केलंच नव्हतं. वळून बघते तर होडी काठावर नाही.

शेषराव एकटाच भर पाण्यात चालला होता. जाळं नाही, पाटी नाही, काही नाही.

“आवं! मासे उतरवले ना? आता कुठं चालले?”

“कुठंच न्हाई!” पाण्यावरून उत्तर आलं.

“रॉकेल जळून राहिलं!”

“जळू दे!”

त्याने भर धरणात होडी थांबवली. जरा वेळ तसाच बसून राहिला. मग त्याने टाच दाबली आणि होडी उलटी, पाठीकडून, काठाकडे येऊ लागली. वळवून आणता आली असती, पण त्याला वळवायची नव्हती. सबंध अंतर तो तसाच पाठमोरा आला, मान मागे वळवून, पंख्याचं पाणी अंगावर घेत, हसत. काठाला लागायच्या जरा आधी त्याने चवड्याने एक हलका दाब दिला आणि होडी दगडांपासून हातभर अंतरावर जागच्या जागी उभी राहिली.

“बस,” तो सखुबाईला म्हणाला. “वल्हं नको घेऊ.”

सखुबाईने साडीचा ओचा खोचला, होडीत पाय टाकला आणि दिपाकडे वळून म्हणाली, “तू काहून उभी? तुझं काम झालं ना? चल बस. आन् पाय आखडून बस, कुठं दाबू नको.”